आधी पोरं दाखवा

“चहा वाटायला पाठवली नाही मी तिला. चहाच वाटायचा असता तर तो तिच्या आईनं घरी शिकवलाय. त्यासाठी तुमची गरज नव्हती.”

क्षीरसागर मॅडम ओरडत होत्या. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पर्सनल मॅनेजर चौधरी साहेबांच्या टेबलासमोर, उभ्या राहून. कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथं अजून आमची पोरं जातात. आवाज असा की मागच्या शेडमधला पॉवर प्रेस लाजून थांबला. कुणी म्हणेल, कामगारांची चहाची सुट्टी झाली असेल. झालीही असेल. पण ही हकिकत मी सांगतोय, आणि मी सांगतो तेव्हा प्रेस लाजूनच थांबतो.

मी मॅडमच्या मागं उभा होतो, दोन हातांत दोन हेल्मेट धरून, लग्नात करवलीनं कलश धरावा तसा. मी आव्हाड. आमच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर. मॅडम मेकॅनिकलच्या लेक्चरर, आणि पोरांच्या कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या प्रमुख. म्हणजे डिप्लोमाच्या पोरापोरींना काही आठवडे कुठल्या तरी कारखान्यात पाठवायचं आणि तिथं ती काही शिकतात की नुसती दिवस काढतात, ते बघायचं. हे काम कॉलेजात कुणालाच नको असायचं, कारण ते उन्हात फिरून करावं लागतं. मॅडमनी ते मागून घेतलं होतं.

कोपऱ्यात दीपाली उभी होती. सोनईची पोरगी, तिसऱ्या वर्षाची, त्या कारखान्यात गेलेली आमची पहिली मुलगी. चौधरी साहेबांनी तिला मोठ्या मायेनं एसी ऑफिसात बसवलं होतं. फायलींना लेबलं चिकटवायची आणि पाहुणे आले की चहाचा ट्रे फिरवायचा. तिच्याबरोबरची मुलं तिकडं लेथवर जॉब लावत होती.

चौधरी साहेब वाईट माणूस नव्हते. ते मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, मुलीची जात आहे, उद्या मशीनवर काही झालं तर कोण बघणार?

“आज काहीच होत नाहीये तिचं, ते आधी बघा,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दीपाली मशीन शॉपमध्ये गेली. मॅडम जिंकल्या. परतताना स्कूटरवर त्या गाणं गुणगुणत होत्या, आणि मी मागं बसून हा प्रसंग लोकांना कसा सांगायचा याची जुळवाजुळव करत होतो. आता सांगतो खरा, पण लोक हसायला लागले की मलाच कसंतरी होतं.

मॅडम दिसायला एवढ्याशा. स्कूटरवर बसल्या की समोरून येणाऱ्याला वाटावं, हेल्मेट एकटंच गाडी चालवतंय. राहायला सावेडीत, नवरा बँकेत, मुलगा बाहेरगावी. पण त्यांच्या तोंडी ‘माझी पोरं’ आलं की तो मुलगा त्यात नसायचा, ती सगळी आमची डिप्लोमाची टोळी. खांद्याला कापडी पिशवी, तीत पाण्याची बाटली, एक पिवळं सेफ्टी हेल्मेट आणि भाकरीचा डबा. त्यांच्या मागं बसून प्रवास करणं म्हणजे नवस फेडण्यासारखं. मनमाड रोडला ट्रक आडवा आला की त्या ब्रेक लावायच्या आधी ट्रकवाल्याशी बोलून घ्यायच्या. माझे केस त्या स्कूटरवर गेले. घरचे म्हणतात वयानं गेले, पण घरचे त्या स्कूटरवर कधी बसलेले नाहीत.

कुठल्याही कारखान्यात गेल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: आधी पोरं दाखवा. गेटवर रजिस्टर पुढं आलं, साहेबांनी खुर्ची दिली, चहा आला, बिस्किटं आली, तरी बाई उभ्याच. पोरं दिसल्याशिवाय टेकायच्या नाहीत. कित्येक चहांवर माझ्या डोळ्यांदेखत साय धरली. मी एकदा म्हणालो, मॅडम, निदान मी तरी घेतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की तो कप मी आजवर खाली ठेवतोय.

मग पोरं समोर आली की, “हात बघू.” पोरं दोन्ही तळवे पुढं करायची. तळवा काळा, नखांत ग्रीस, तर मॅडम खूश. तळवा गोरा, तर साहेबांची वरात. त्यावरून कामगारांनी त्यांना ज्योतिषी मॅडम नाव पाडलं होतं. एका कारखान्यातल्या सुपरवायझरनं हुशारी केली. गेटमनला सांगून ठेवलं, बाईंची स्कूटर दिसली की पोरांचे हात ग्रीसच्या डब्यात बुडवायचे. मॅडमनी पहिल्या पोराचा हात नाकाशी नेला, वास घेतला, आणि त्या सुपरवायझरला शांतपणे म्हणाल्या, “हे नवं ग्रीस आहे, भाऊ. मशीनमधून निघालेलं दाखवा.” तो माणूस त्यानंतर बरेच दिवस ग्रीसचं नाव काढलं की पाणी प्यायचा.

हात बघून झाले की पोरं जेवतात कुठं, ते बघायचं. मग मुतारी. मग परतीच्या बसचा थांबा. यातल्या एकाही गोष्टीचा रकाना आमच्या भेटीच्या अहवालात नव्हता. अहवालात होतं ते एवढंच: विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक, आणि खाली दोन सह्या. मी म्हणायचो, सही घेऊ आणि निघू, ऊन होतंय. त्या म्हणायच्या, आव्हाड, ऊन पोरांनाही होतंय.

एका साखर कारखान्याची गोष्ट तर मी सांगतोच सांगतो. गाळप बंद असताना तिथं सगळी यंत्रं खोलतात. शिकायला त्याच्यासारखी संधी नाही, म्हणून मॅडमनी आठ-दहा पोरं धाडली होती. आम्ही बघायला गेलो तर मिलहाउसमध्ये चिमण्यासुद्धा नाहीत. वॉचमन म्हणाला, “पोरं व्हय? पोरं लग्नाला गेल्यात.”

कुणाच्या? तर एका संचालकाच्या पुतणीच्या. मंगल कार्यालय शेजारच्याच गावात. आम्ही पोचलो तेव्हा आमचे भावी इंजिनीअर फेटे बांधून पंगतीत जिलेबी वाढत होते. एक जण दारात गुलाबपाणी शिंपडत होता, त्यानं सवयीनं मॅडमवरही शिंपडलं आणि मग चेहरा ओळखून गुलाबदाणी टाकून पळाला. मला वाटलं, आता मांडव पेटतो. पण मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेका पोराच्या हातातलं भांडं काढून घेतलं, सगळ्यांना ओळीनं पंगतीत बसवलं आणि कारखान्याचे चीफ इंजिनीअर तिथं अहेर घेऊन उभे होते, त्यांच्या हातात जिलेबीचं ताट दिलं.

“साहेब, हे तुमच्याकडं शिकायला आलेत. वाढा.”

साहेबांनी वाढलं. पोरांनी असं जेवण झोडलं की मुलीकडच्यांना पुन्हा घाणा काढावा लागला. नवरा-नवरीनं मॅडमच्या पाया पडून घेतलं, कुणी तरी मोठी पाहुणी असणार म्हणून. महिन्याभरानं पोरांचे दाखले आले, त्यावर लिहिलं होतं, ‘मटेरियल हँडलिंगचा उत्तम अनुभव’. मॅडमनी ते दाखले परत धाडले आणि पुढच्या साली पोरांना मिलहाउसमध्ये रोलरपाशी उभं करून घेतलं.

हे सगळं सांगताना त्यांचं एक बोलणं मला नेहमी आठवतं. पालकांच्या सभेत कुणी तरी विचारलं होतं, कारखान्यात पोराची जबाबदारी कुणाची? प्राचार्य उठून म्हणाले, निम्मी कॉलेजची, निम्मी कंपनीची. लोकांनी माना डोलावल्या. मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पोरगं निम्मं नसतं, सर.” प्राचार्यांनी हसून विषय बदलला. मला वाटतं, त्या दिवसापासून प्राचार्य मॅडमच्या नावडत्या साहेबांच्या यादीत गेले.

तर दीपाली.

ती मशीन शॉपमध्ये गेल्यावर आम्ही पुन्हा पाहणीला गेलो. ड्रिलिंग मशीनपाशी उभी होती, तळवे काळेभोर, आणि चेहरा असा की दिवाळीतल्या सोनईच्या बाजाराचे सगळे आकाशकंदील तिथंच लावलेत. मॅडमनी तिचे हात बघितले आणि नुसती तिच्या डोक्यावर टपली मारली. मग त्यांची नजर खाली गेली.

मशीन शॉपमध्ये लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज घातल्याशिवाय जाता येत नाही. ते कुणी द्यायचे, यावर दोन मतं होती. कंपनीचं म्हणणं, पोरांनी कॉलेजकडून घेऊन यावेत. कॉलेजचं म्हणणं, कारखान्याची वस्तू कारखान्यानं द्यावी. मुलांचं कसंही भागायचं, स्टोअरमधून कुणाचा तरी जुना जोड मिळायचा. पण त्या शॉपमध्ये आजवर बाई माणूसच आलेलं नव्हतं. स्टोअरमधला सगळ्यात लहान जोड दीपालीच्या पायात होडीसारखा दिसत होता. दोन मोजे आणि पुढं वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ती तो ओढत चालत होती.

मॅडम त्या बुटांकडं बघत राहिल्या. मी शेजारीच होतो. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

चौधरी साहेब लगेच म्हणाले, तिच्या मापाचे मागवलेत मॅडम, सोमवारी येतील. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, नाही तर तोवर बसवू का परत ऑफिसात?

दीपालीनं मॅडमकडं बघितलं. त्या नजरेला नाही म्हणायला दगड लागला असता. आणि मॅडमनाही ठाऊक होतं, ही पोरगी एकदा त्या एसीत परत गेली की पुन्हा बाहेर यायची नाही, आणि तिच्यामागून दुसरीही कुणी यायची नाही.

“तोवर यातच दिवस काढ,” मॅडम हसून म्हणाल्या. “हळू चाल म्हणजे झालं.”

हसलो मीही. माझ्यासारखा माणूस अशी संधी सोडतो का? मी म्हणालो, दीपाली, यात अजून एक मैत्रीण मावेल, तिलाही बोलाव. आसपासचे कामगार हसले, दीपाली सगळ्यांत जास्त हसली. मग आम्ही सगळे चहाला गेलो. त्या दिवशी मॅडमनी चहा गरम असतानाच घेतला.

सोमवारी बूट आले नाहीत.

पुढचं मी जसंच्या तसं सांगतो, यात माझं काही नाही. ओतीव लोखंडी कास्टिंगनं भरलेली ट्रॉली येत होती. वाट द्यायला दीपाली एक पाऊल मागं सरली. पाय मागं आला, बूट तिथंच राहिला. नुसत्या मोज्यातल्या पायावरून ट्रॉलीचं चाक गेलं. ट्रॉली ढकलणारा कामगार तिच्यापेक्षा जास्त रडत होता.

पंजाची हाडं मोडली. मॅडम दवाखान्यात पोचल्या तेव्हा दीपाली गुंगीत त्यांना एकच गोष्ट विचारत होती, की माझं ट्रेनिंग पूर्ण धरतील का. ते पूर्ण झाल्याशिवाय डिप्लोमा नव्हता.

मग बैठक झाली, कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. एका बाजूला चौधरी साहेब आणि त्यांचे वरिष्ठ, दुसऱ्या बाजूला आमचे प्राचार्य, मॅडम, आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. चौधरी साहेब म्हणाले, मुलगी आमच्या मस्टरवर नाही, ती तुमची विद्यार्थिनी. प्राचार्य म्हणाले, गेटच्या आत पाऊल टाकलं की ती तुमची. दोघांसमोर एकच करारनामा होता आणि त्यात एकच वाक्य होतं, की विद्यार्थ्याची सुरक्षितता ही दोन्ही संस्थांची संयुक्त जबाबदारी राहील. ते वाक्य दोघांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं. चौधरी साहेब वाचायचे तेव्हा त्याचा अर्थ कॉलेज व्हायचा, प्राचार्य वाचायचे तेव्हा कंपनी. कीर्तनात दोन टाळकरी असावेत तसं बराच वेळ चाललं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, “बूट मोठे होते ते मी पाहिलं होतं. तिथंच तिला बाहेर काढायला हवं होतं. मी नाही काढलं, उलट हसले. हे माझं झालं. आता तुमचं बोला.”

आणि त्यांनी एकेकाकडं बघितलं. चौधरी साहेबांकडं. त्यांच्या वरिष्ठांकडं. प्राचार्यांकडं. मग माझ्याकडं.

त्या खोलीत एसी होता, पण खरा गारवा त्या वाक्यानं पसरला. सगळ्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ जे ओझं कुठं ठेवायचं ते सुचत नव्हतं, त्याला जागा मिळाली होती. चौधरी साहेबांनी करारनामा मिटला. मी बोलायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो उघडलं होतं, पण त्यात बिस्कीट घातलं. शेवटी प्राचार्य म्हणाले, चहा निवतोय, घ्या सगळ्यांनी.

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, सोनईला जाऊन दीपालीच्या वडिलांना हे सगळं आपण सांगायला हवं, सगळ्यांनी मिळून. चौधरी साहेब म्हणाले, बघतो, हेड ऑफिसला विचारावं लागेल. प्राचार्य म्हणाले, आधी समिती नेमू, समिती जाईल. मी म्हणालो, रविवारी नेवाशाला मेव्हण्याच्या रानात बोअर घेतायत, मला तिथं उभं राहावंच लागेल. मेव्हण्याला रान आहे. बोअरही आहे. ती फार पूर्वी घेतलेली आहे. आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, पण एवढी सुबक कधी जमली नव्हती.

मॅडम स्कूटर घेऊन गेल्या. तिथं काय झालं, ते मला नंतर दीपालीनं सांगितलं. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मॅडमना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “मॅडम, आमी कंपनीला वळखत न्हाई. तुमचं कालेज बी आमी पाह्यलं न्हाई. आमी तुमाला वळखतो. तुमच्याकडं बघून पाठवली हुती.”

मॅडमनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. वडील म्हणाले, आता शिक्षण बास, पाय बरा झाला की पोरीचं बघू. मॅडमनी मान हलवली आणि परत आल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. वडील घरात निघून गेले. मॅडम दीपालीच्या खाटेपाशी बसल्या, तिच्याकडून मशीन ड्रॉइंग काढून घेतलं आणि उठल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कुणाची समजूत घालणं नाही, माफी नाही, नुसतं ड्रॉइंग. दीपाली सांगते, माझी आई म्हणायची, ही बाई आपल्या पोरीला पास करूनच उठनार दिसती. कधी तरी वडिलांनी आतून खुर्ची आणून ठेवली आणि पुन्हा रानात गेले. तिथून पुढं खुर्ची रविवारी बाहेरच असायची.

तरी साल गेलंच. कंपनीनं ट्रेनिंग अपूर्ण म्हणून कळवलं आणि कॉलेजनं ते मान्य केलं. त्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं झटक्यात एकमत झालं. दीपालीनं पुढच्या साली एका लहानशा वर्कशॉपमध्ये पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, डिप्लोमा घेतला, आता तिथंच क्वालिटीला आहे. चालताना पाय किंचित ओढते. नवीन माणसाला कळत नाही. मला कळतं.

मॅडमकडून प्रशिक्षणाचं काम काढून घेतलं. प्राचार्यांच्या पत्रात होतं, कामाचा भार हलका करण्याच्या दृष्टीनं. ते काम कुणाला द्यायचं यावर कुणाचं एकमत होईना, म्हणून मला दिलं. मी आता करतो ते. पोरं निघायच्या आधी त्यांना वर्कशॉपमध्ये ओळीनं उभं करतो आणि एकेकाच्या पायातले बूट दाबून बघतो. पोरं मागं हसतात, त्यांनी मला काय नाव पाडलंय तेही मला माहीत आहे. हसू देतो.

या वर्षीची पहिली टोळी गेली त्या दिवशी मॅडम पार्किंगमध्ये दिसल्या. आता त्या शिकवतात, तास संपला की निघतात. कॉलेजात त्यांचा आवाज येत नाही. नवीन आलेल्या मास्तरांना मी साखर कारखान्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, कोण, या क्षीरसागर मॅडम? काहीही सांगता तुम्ही.

त्या सीटवरची धूळ पुसत होत्या. मी गेलो आणि बोलायला लागलो. टोळीबद्दल बोललो, ऊन किती आहे ते बोललो, दीपालीचं कसं छान चाललंय ते थोडं वाढवूनच सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. मग इतके दिवस पाठ करून ठेवलेलं एकदाचं म्हणून टाकलं. म्हणालो, मॅडम, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. चूक काही तुमच्या एकटीची नव्हती. कंपनीची होती, कॉलेजची होती, माझीसुद्धा होती. सगळ्यांची होती.

त्यांनी फडकं झटकलं, घडी करून डिकीत ठेवलं आणि हेल्मेट घातलं.

“असेल, आव्हाड,” त्या म्हणाल्या. “सोनईला मी एकटीच गेले होते.”